उष्ण-कोरड्या हवेतलं घर: ऊन आत किती वाजता पोचतं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. उन्हाळ्यात दुपारी तापमान 42 अंशांपर्यंत जातं, हवा कोरडी असते, पहाटे 24 पर्यंत उतरते. मोकळ्या प्लॉटवर 150 चौरस मीटरचं बैठं घर बांधायचं आहे. विजेचं बिल आटोक्यात राहावं आणि एसी लागलाच तर एका खोलीपुरता लागावा. मग भिंती दगडाच्या घ्यायच्या, विटेच्या, पोकळ, की एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेचे बुडबुडे धरलेल्या हलक्या काँक्रीटच्या? छताचं काय करायचं? आणि जुन्या घरांतली अंगणं, जाळ्या, वारा पकडणारे मनोरे यांतलं आज काय चालेल?

साहित्याचा प्रश्न मी नेहमी शेवटी घेतो. नकाशाला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारतो. दुपारी दोन ते सहा घरात कोण असतं आणि कुठल्या खोलीत? रात्री कुठे झोपता? आणि रात्री दहाला खिडक्या उघडून सकाळी सातला लावायचं काम घरातलं कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण ज्या घरात त्याला उत्तर नसतं, तिथे मी जाड भिंतींवर पैसे घालू देत नाही.

कारण या हवामानात सगळा खेळ वेळेचा आहे. हवेत बाष्प कमी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसा ऊन थेट अंगावर येतं आणि रात्री तीच उष्णता आकाशाकडे बिनदिक्कत निघून जाते. दिवस-रात्रीत 15 ते 20 अंशांचा फरक पडतो तो यामुळे. दमट किनारी हवेत हा फरक बराच कमी असतो, म्हणून तिथल्या घरांचे धडे इथे उलटे पडतात. तिथे घर दिवसभर उघडं ठेवून वारा खेळवायचा. इथे दिवसा उघडी खिडकी म्हणजे 42 अंशांच्या हवेला दिलेलं आमंत्रण.

जाड भिंतीचं घर नेमकं काय करतं? सरासरी काढतं, एवढंच. दुपारी 42 आणि पहाटे 24 असेल तर मधला आकडा 33. उन्हापासून नीट झाकलेलं, वजनदार घर आतून 33 च्या आसपास स्थिरावेल. बाहेरून तापून आलेल्या माणसाला ते गार वाटेल, पण झोप लागायला 33 जास्तच. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1964 च्या मार्चमध्ये कैरोत केलेल्या प्रयोगाचा दाखला मातीच्या घरांचे समर्थक नेहमी देतात. मातीच्या विटांच्या जाड भिंतींच्या खोलीत दिवसभरात तापमान जेमतेम 2 अंशांनी हललं, तर 10 सेंटिमीटरच्या काँक्रीट पॅनेलची खोली बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापली. प्रयोग खराच आहे. पण महिना मार्च होता, तिथली तेव्हाची सरासरीच सुखाची, म्हणून ती खोलीही सुखाची. ऐन उन्हाळ्यात भिंतीला सरासरीच चढी मिळते. त्या सरासरीच्या खाली उतरायचं तर दोनच रस्ते: दिवसा ऊन भिंतीला लागू न देणं आणि रात्रीच्या गार हवेने घर आतून धुऊन काढणं. बाकी सगळं या दोन्हींच्या मदतीला.

वेळेचा हिशोब मला एका घराने शिकवला. धंद्यात पडून दोन-तीनच वर्षं झाली होती. झोपण्याची खोली पश्चिमेच्या कोपऱ्यात काढली, भिंत 9 इंची विटेची, खिडकी त्या बाजूला एकही नाही. मला वाटलं होतं, खिडकीच नाही तर ऊन येणार कुठून? उन्हाळ्यात घरमालकांनी बोलावलं, तेही रात्री. अकरा वाजता मी पलंगाच्या उशाच्या भिंतीला तळवा लावला आणि चटकन काढून घेतला. अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळापेक्षा ती भिंत गरम होती. बाहेर तोवर छान गार झालं होतं.

झालं होतं असं. विटेच्या 9 इंची भिंतीतून उष्णतेची लाट आरपार जायला साधारण 7 ते 8 तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन सगळ्यात कडक असतं दुपारी चार-पाचच्या सुमारास. त्यात सात-आठ तास मिळवा. माणूस अंथरुणावर पडतो आणि त्याच वेळी दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचतं. जाडी वाढवली तर लाट आणखी उशिरा आणि आणखी क्षीण होऊन येते. दगडाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. घट्ट दगड विटेपेक्षा उष्णता लवकर वाहून नेतो. 18 इंची दगडी भिंतीतून लाट यायला 10–12 तास लागतील, तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीतून त्याहून जास्त. जुनी दगडी घरं गार असतात ती दगडामुळे कमी आणि दोन-अडीच फूट जाडीमुळे जास्त.

म्हणून पश्चिमेला झोपण्याची खोली नको. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली, कपाटांची रांग, गॅरेज असं काहीही जाऊ द्या, जिथे माणूस तासन्‌तास बसत नाही. ते जमणारं नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला ऊनच लागू देऊ नका: हातभर अंतरावर उभ्या पट्ट्यांचा किंवा जाळीच्या विटांचा पडदा, वेल, किंवा झाड. पडदा आणि भिंत यांच्यामधली हवा वर निघून जायला वाट ठेवा, नाहीतर मधली पोकळीच भट्टी होते. झाडाचा एक फायदा असा की ते सावली देऊन स्वतः तापत नाही. तोटा असा की ते घराच्या वास्तुशांतीपर्यंत वाढत नाही, म्हणून पाया खोदायच्या आधी लावा.

आता छत. बैठ्या घरात खर्चाचा पहिला हक्क छताचा, भिंतींचा नंतर. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला 900 ते 1000 वॅट ऊन पडतं. गडद रंगाचं छत हवेपेक्षा 30–40 अंशांनी जास्त तापतं, म्हणजे 75 अंशांच्या घरात जातं. तेच पांढरंशुभ्र असेल तर हवेपेक्षा फार तर दहा-एक अंश वर राहतं. रंग पांढरा करणं हा सगळ्या उपायांतला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तरीही नव्या घराच्या छतावर विटकरी रंगाच्या लाद्या लावलेल्या मी दर वर्षी पाहतो. पांढरा रंग धुळीने करडा पडतो. उन्हाळा सुरू होण्याआधी छत एकदा घासून धुवायचं हे वेळापत्रकात हवं. पांढऱ्या चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांचा थर त्यासाठी बरा पडतो. तो धुतला जातो आणि टिकतो.

12 सेंटिमीटरच्या नुसत्या काँक्रीट स्लॅबला उष्णतेची लाट तीन-चार तासांत पार करते. म्हणजे दुपारी एकचं ऊन पाचच्या चहाला छतातून आत, आणि मग मध्यरात्रीपर्यंत स्लॅब डोक्यावर निखाऱ्यासारखा. अशा स्लॅबखाली पंखा लावला की तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. स्लॅबवर 75 मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा घट्ट फोमचा बोर्ड) टाकला तर आत येणारी उष्णता साधारण नवव्या हिश्श्यावर येते. थरांचा क्रम महत्त्वाचा आहे: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, त्यावर उताराचा कोबा आणि सगळ्यात वर पांढरी फरशी. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर आल्याने ते उन्हात तडकत नाही. इथे साधा थर्माकोल नको. तो दाबला जातो आणि पाणी धरतो.

छताबद्दल सगळ्यात जास्त वाद इन्सुलेशन वर की खाली यावर होतो. खालून, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या आत ग्लासवूल घालणं सोपं असतं, काम दोन दिवसांत होतं आणि खोली देखणी दिसते. पण त्यामुळे स्लॅबचं सगळं वजन खोलीपासून तुटतं. रात्रीच्या गारव्याने जो स्लॅब गार होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची उष्णता शोषणार होता, तो आता बाहेरच्या उन्हात एकटाच तापतो नि निवतो. स्लॅबची खालची बाजू उघडी, फार तर गिलावा आणि चुना, हे माझं पक्कं मत. भाड्याच्या किंवा वरच्या मजल्यावर दुसऱ्याची मालकी असलेल्या घरात इलाज नसतो, तिथे खालून करा.

सोलर पॅनेल लावणार असाल तर ते छतापासून उंच स्टँडवर घ्या. पॅनेलची सावली स्लॅबला मिळते आणि खालून हवा खेळल्याने पॅनेलही कमी तापतात. तापलेलं पॅनेल दर अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी देतं. छतावरचं सगळ्यात कल्पक काम मात्र कॅलिफोर्नियातल्या ॲटास्काडेरो इथे 1973 मध्ये हॅरल्ड हे यांनी केलं. छतावर पाण्याच्या पिशव्या आणि त्यांच्यावर सरकती इन्सुलेशनची झाकणं. दिवसा झाकणं बंद, रात्री उघडी, म्हणजे पाणी रात्री आकाशाला उष्णता देऊन टाकतं आणि दिवसा छतामार्गे खोलीची उष्णता घेतं. हिवाळ्यात सगळं उलटं. तत्त्व अगदी चोख. पण हलते भाग, गळती आणि छतावरचं वजन पाहता मी अजून कुणाला ते सुचवलेलं नाही.

खिडक्यांचं गणित एका आकड्यात सांगतो. पश्चिमेची साध्या काचेची 2 चौरस मीटरची खिडकी, दुपारी चारचं ऊन: खोलीत हजार वॅटपेक्षा जास्त उष्णता येते. म्हणजे उन्हाळ्यात, भर दुपारी, तुम्ही हीटर लावून बसलात. आतून जाड पडदा ओढल्याने यातली थोडीच अडते, कारण ऊन काचेच्या आत येऊन पडद्यावर पडलं की उष्णता घरातच राहते. अडवायचं तर काचेच्या बाहेर: झडपा, बांबूची चटई, रोलर शटर, काहीही चालेल. महागडी लो-ई काच (उष्णता परतवणारा पातळ लेप असलेली) घेण्याआधी हा खर्च करा. काच त्यानंतर.

उत्तर गोलार्धात दक्षिणेची खिडकी मात्र गुणी आहे. उन्हाळ्यात दक्षिणेचा सूर्य उंच असतो आणि साध्या छज्ज्याने अडतो, हिवाळ्यात तो खाली उतरून आत येतो. उदाहरणार्थ 25 अक्षांशावर दुपारी बाराचा सूर्य जूनमध्ये जवळजवळ 88 अंशांवर, मार्च-सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा 65 वर आणि डिसेंबरमध्ये 42 च्या आसपास असतो. 1.2 मीटर उंच खिडकीवर लगेच 55–56 सेंटिमीटरचा छज्जा काढला तर मार्च ते सप्टेंबर भर दुपारचं ऊन काचेला लागत नाही आणि डिसेंबरात खिडकीचा अर्ध्याहून जास्त भाग उन्हात राहतो. पूर्व-पश्चिमेला ही युक्ती चालत नाही, तिथे सूर्य समोरून आडवा येतो. कितीही लांब छज्जा काढला तरी त्याच्या खालून घुसतो. तिथे उभ्या झडपाच हव्यात. म्हणून घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून ठेवा, आणि प्लॉट अडचणीचा असेल तर निदान खिडक्या तरी. दक्षिण गोलार्धातल्या वाचकांनी दिशा उलट वाचाव्यात.

खिडक्यांचा आकार लहानच ठेवा. इथे उजेड कमी पडण्याची भीती नसते, त्रास होतो तो भगभगीटाचा. समोरची मोकळी जमीन, फरशी आणि वाळू ऊन परावर्तित करतात, आणि ते छज्ज्याला बगल देऊन खालून आत येतं. खिडकीसमोर फरशी घालायच्या ऐवजी माती आणि झुडपं असतील तर निम्मा भगभगीट तिथेच मरतो. अरब घरांमधल्या मश्रबिया म्हणजे लाकडी जाळ्या जवळून पाहिल्या तर डोळ्याच्या उंचीवर त्यांची वीण दाट आणि वरच्या भागात मोकळी दिसते. खाली दाट म्हणजे उजेड गाळून येतो आणि आतला माणूस बाहेरून दिसत नाही, वर मोकळी म्हणजे वारा अडत नाही. आजच्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेल्या जाळ्यांत वरपासून खालपर्यंत एकच नक्षी असते. दिसते छान, पण ही अक्कल त्यात उतरलेली नसते.

आता भिंतींकडे येतो. उष्णता साठवण्याचं आणि उष्णता अडवण्याचं काम एकाच साहित्याने उत्तम होत नाही. वीट, दगड, काँक्रीट साठवतात. हवा धरून ठेवणारे हलके पदार्थ अडवतात. एएसी ब्लॉकच्या 20 सेंटिमीटर भिंतीतून 9 इंची विटेच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उष्णता येते, पण साठवण्याची ताकद विटेच्या निम्मीही नाही. म्हणून 'एएसी की वीट' हा प्रश्न मी असा सोडवतो: बाहेरच्या भिंती एएसीच्या, आतल्या विभागणीच्या भिंती पक्क्या विटेच्या किंवा भरीव काँक्रीट ब्लॉकच्या, जमिनीला दगडी फरशी, वर उघडा स्लॅब. दिवस-रात्रीच्या चक्रात भिंतीचा आतला जेमतेम 10 सेंटिमीटर जाडीचा थर कामाला येतो. त्यामागे कितीही दगड रचला तरी त्याला जाग येईपर्यंत सकाळ होते. वजन हवं ते खोलीच्या आतल्या बाजूला, उघडं, हाताला लागेल असं. त्यावर लाकडी पॅनेलिंग, जाड गालिचा, भिंतभर कपाटं आली की ते झाकलं गेलं.

पोकळ भिंतीतली नुसती 5 सेंटिमीटर हवा लोकांना वाटते तितकं काम करत नाही. एकसंध 9 इंची भिंतीतून येणाऱ्या उष्णतेत पाव हिश्शाची घट होते, फार नाही. त्याच पोकळीत 50 मिलिमीटर बोर्ड बसवला तर उष्णता एकसंध भिंतीच्या चौथ्या हिश्श्यावर येते. आतली वीट साठवते, मधला थर अडवतो, बाहेरची वीट ऊन-पाऊस झेलते. खर्च परवडत असेल तर माझी पहिली पसंती याच भिंतीला. गवंडी मात्र लक्ष ठेवून काम करणारा हवा. मधल्या फटीत पडलेला मसाला तसाच राहिला तर तेवढ्या जागी बाहेरची आणि आतली वीट जोडली जाते आणि उष्णतेला पूल मिळतो. मी रोज संध्याकाळी त्या फटीत टॉर्च मारून बघायला लावतो.

आता ज्याला उत्तर हवं म्हटलं होतं तो तिसरा प्रश्न: रात्री खिडक्या उघडणार कोण? 150 चौरस मीटरच्या, 3 मीटर उंच घरात 450 घनमीटर हवा असते. रात्री ती तासाला दहा वेळा बदलली आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा 8 अंशांनी गार असेल, तर घरातून सुमारे 11 किलोवॅट दराने उष्णता बाहेर जाते. तीन टनी एसीचं काम, आणि त्यासाठी लागतो दोन-तीनशे वॅटचा एक्झॉस्ट. दुसऱ्या बाजूने पाहा: जमीन आणि स्लॅबची खालची बाजू मिळून 300 चौरस मीटर उघडा जड पृष्ठभाग धरला तर त्याचा वरचा 10 सेंटिमीटरचा थर 1 अंशाने गार करायला साधारण 16-17 युनिट उष्णता काढावी लागते. रात्रभरात तीन-चार अंश उतरवले की दुसऱ्या दिवसासाठी पन्नास-साठ युनिटचा 'गारवा' घरात जमा. जड घर आणि रात्रीचा वारा एकमेकांशिवाय अपुरे आहेत ते यामुळे.

माझ्या सुरुवातीच्या घरांत मी यासाठी मोठ्या, छान उघडणाऱ्या खिडक्या दिल्या आणि एकाही घरात त्या रात्री उघड्या राहिल्या नाहीत. चोरीची भीती, मांजर, धुळीचं वावटळ, डास. घरं जड होती, दिवसभर साठवत होती आणि रात्री कुणी त्यांना रिकामी करत नव्हतं. एका बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून उघडते हो, पण मग झोप लागत नाही." तेव्हापासून उजेडाची खिडकी आणि रात्रीच्या हवेचं तोंड मी वेगळं काढतो. जमिनीपासून फूटभर उंचीवर अरुंद लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप, आतून पक्के गज आणि डासांची जाळी, बाहेर छोटी ओटी. आणि घराच्या मधोमध, सगळ्यात उंच जागी, झाकण लागणारा एक्झॉस्ट. जाळीमुळे हवा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होते, म्हणून तोंडाचं क्षेत्रफळ दीडपट-दुप्पट धरा. पंख्याला टायमर आणि आत-बाहेरच्या तापमानाचा फरक ओळखणारा कंट्रोलर बसवला की कुणी जागं राहायची गरज नाही.

कंट्रोलर नको असेल तर दोन साधे थर्मामीटर, एक आत, एक बाहेरच्या सावलीत. सूर्य मावळला की खिडक्या उघडायची सवय घातक असते. सात वाजता बाहेर अजून 37 असतं आणि आत 31. बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की उघडा, सकाळी पुन्हा वर चढायच्या आत लावा. आणि जर तुमच्याकडे ऐन उन्हाळ्यात पहाटेही पारा 28–30 च्या खाली येत नसेल, तर ही सगळी मांडणी सोडून द्या. तिथे चांगलं इन्सुलेशन, घट्ट खिडक्या आणि छोटा एसी हाच सरळ मार्ग.

अंगणाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. जुनी अंगणं खोल आणि अरुंद होती, भोवतीच्या भिंती अंगणाच्या रुंदीइतक्या किंवा जास्त उंच, तळाशी माती, झाड, पाणी. रात्री गच्चीवरची गार, जड हवा उतरून तिथे साठायची आणि सकाळी उशिरापर्यंत सावलीत टिकायची. आजच्या बैठ्या घरात 6 मीटर रुंद, फरशी घातलेलं अंगण काढलं तर ते दुपारी तव्यासारखं तापतं आणि घराच्या उन्हाला तोंड देणाऱ्या भिंती मात्र दुप्पट होतात. अंगण हवंच असेल तर 3 मीटरहून रुंद नको आणि वर दिवसा ओढायचं कापडी छत हवं. छोट्या प्लॉटवर आटोपशीर, चौकोनी घर जास्त गार राहतं.

वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांची राजधानी म्हणजे इराणातलं याझ्द. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर, म्हणजे असाच एक मनोरा, सुमारे 33 मीटर उंच आहे. फोटोत मनोरा दिसतो, त्याच्या पायाशी असलेला हौद आणि तळघर दिसत नाही, आणि खरा गारवा तिथून येतो. वारा नसला की तोच मनोरा धुराड्यासारखा आतली हवा वर ओढतो. त्याचा नवा अवतार अमेरिकेतल्या यूटा राज्यात, झायन राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात 2000 सालापासून चालू आहे: मनोऱ्याच्या डोक्यावर ओले पॅड, त्यांतून गार आणि जड झालेली हवा पंख्याशिवाय खाली उतरते. सार्वजनिक इमारतीला हे शोभतं. 150 चौरस मीटरच्या घरासाठी मनोऱ्याचा खर्च, धूळ आणि पक्ष्यांची घरटी पाहता साधा कूलर तेच काम करतो.

कूलरची ताकद मोजून घ्या. हवा 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते तो आकडा, 22 च्या आसपास येतं. चांगले पॅड या 20 अंशांच्या फरकातला सुमारे 80 टक्के मिळवून देतात, म्हणजे कूलरमधून 26 अंशांची हवा येते, तीही दीड-दोनशे वॅटमध्ये. पण पाणी लागतं: तासाला 3000 घनमीटर हवा देणारा कूलर अशा दिवशी तासाला वीसएक लिटर पाणी उडवतो. शिवाय कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर ओलावा कोंडतो आणि तासाभरात कूलर नुसतं दमट वारं फेकायला लागतो. कूलर काम करत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांना मी फक्त खिडकी उघडायला लावली आहे. छताचा पंखा मात्र सगळीकडे हवाच. तो खोली गार करत नाही, पण अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतं. 30–35 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) घ्या, आणि खोलीतून उठताना बंद करा.

राहिली एसीची एक खोली. इथे मी माझाच नियम मोडतो. जी खोली रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळातच एसीवर चालणार, तिथे उघडं वजन शत्रू असतं: एसीला आधी टनावारी विटा गार कराव्या लागतात, मग तुम्हाला. म्हणून ही खोली पूर्वेला किंवा उत्तरेला, लहान, कमी उंचीची, आणि हिच्यापुरतं इन्सुलेशन आतल्या बाजूला, जिप्सम बोर्डाच्या मागे. छतालाही हिच्यात फॉल्स सीलिंग चालेल. दाराखालची फट ब्रशने बंद करा, खिडकीच्या चौकटीला रबर लावा. पारा 26–27 वर ठेवून पंखा मंद चालू ठेवला तर एक टनी मशीनसुद्धा मध्यरात्रीनंतर बहुतेक वेळ शांत असतं. एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा त्या रात्रीच्या लूव्हरच्या शेजारी बसवू नका. दुसरी चूक मी स्वतः एकदा केली आहे: एक्झॉस्ट रात्रभर इमानाने एसीचीच गरम हवा घरात ओढत होता.